खसऱ्यापासून नकाशापर्यंत : मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या एका शाखेचा इतिहास

जमिनीविषयी सरकारी दफ्तरात मुख्यतः दोन प्रकारचे कागद असतात. एक खसरा, दुसरा नकाशा. खसऱ्यावरून कळते की अमुक गावात बागायत किती, जिरायत किती, पडीक किती आणि ती कोणाच्या नावावर. परंतु ती बागायत नदीकाठी आहे की माळाच्या पायथ्याशी, विहीर बांधालगत आहे की शेताच्या मधोमध, शेजारी कोण, वाट कोठून जाते, हे नकाशावाचून कळत नाही. महसूल खात्यात ज्यांची हयात गेली त्यांना हे सांगावयास नको की जमिनीचे बहुतेक तंटे ‘किती’वरून उद्भवत नाहीत, ते ‘कोठे’वरून उद्भवतात.

रसायनशास्त्राने आपल्या इतिहासातील फार मोठा काळ खसरेच तयार केले. झाडाचे पान असो, मांसाचा तुकडा असो, की जुन्या चित्रावरील रंगाचा कपचा असो. तो कुटावयाचा, द्रावणात विरघळवावयाचा, गाळावयाचा आणि मग त्यात कोणते पदार्थ किती आहेत याची यादी करावयाची, ही त्याची रीत. यादी बिनचूक असे. पण कुटण्याच्या पहिल्याच घावासरशी ‘कोठे’ हा प्रश्न नाहीसा होई. वस्तू न कुटता तिच्या पृष्ठभागावरील प्रत्येक ठिपक्यागणिक पदार्थांची नोंद घ्यावयाची आणि त्या नोंदींतून नकाशा उभा करावयाचा, या पद्धतीला मास स्पेक्ट्रोमेट्री इमेजिंग असे नाव आहे. मराठीत तिला वस्तुमान-नकाशांकन म्हणता येईल. तिची मुळे शंभर वर्षांहून अधिक मागे जातात. तो इतिहास येथे सांगण्याचे कारण केवळ कुतूहल नाही. ‘किती’च्या जोडीला ‘कोठे’ हा प्रश्न विचारल्यामुळे क्षयरोगासारख्या, आपल्याकडील घराघरांना ठाऊक असलेल्या रोगावरील औषधांविषयीची समजूत पालटली आहे.

केंब्रिजमधील उफणणी

मास स्पेक्ट्रोमेट्री म्हणजे अणुरेणूंचे वजन करण्याची विद्या. खळ्यावरील उफणणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचे तत्त्व समजण्यास अडचण पडू नये. उंचावरून सुपातले धान्य सोडले की वारा सर्वांवर सारखाच वाहतो. हलका भुसा दूर उडतो, भरलेला दाणा जवळ पडतो. कोण कोठे पडला यावरून कोण किती जड हे ठरते. अणूंच्या बाबतीत प्रथम त्यांच्यावर विद्युत्भार चढवावा लागतो. अशा भारित कणाला आयन म्हणतात. मग वाऱ्याचे काम विद्युत् आणि चुंबकीय क्षेत्रे करतात. हलका आयन अधिक वळतो, जड आयन कमी वळतो.

ही उफणणी केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांनी साधली. इलेक्ट्रॉनचा शोध त्यांनी १८९७ साली लावला होता आणि १९०६चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिकही त्यांना मिळाले होते. पुढे ते धनभारित किरणांकडे वळले. १९१२-१३च्या सुमारास निऑन वायूवर प्रयोग चालू असता छायाचित्रणाच्या काचेवर त्यांना एका रेषेऐवजी दोन वक्ररेषा आढळल्या. एक वीस वजनाच्या अणूची, दुसरी बावीस वजनाच्या अणूची. तोवर पुस्तकांतून निऑनचा अणुभार २०.२ असा दिला जाई. आता कळले की २०.२ वजनाचा निऑनचा एकही अणू सृष्टीत नाही. ती केवळ सरासरी होती. या विद्येचा आरंभच असा एका सरासरीचा पडदा दूर सारून झाला, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

थॉमसन यांचे सहायक फ्रान्सिस अॅस्टन यांनी महायुद्ध संपल्यावर १९१९ साली अधिक काटेकोर यंत्र तयार केले आणि त्याच्या साहाय्याने पुढील काळात दोनशेहून अधिक नैसर्गिक समस्थानिके नोंदली. १९२२चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत हे यंत्र खनिज तेलाच्या कारखान्यांपासून अणुबाँबच्या गुप्त योजनेपर्यंत सर्वत्र पोचले होते. पण काम तेच : पदार्थाची वाफ करा, तोला, यादी द्या.

थॉमसन यांनी १९१० साली आणखी एक गोष्ट टिपून ठेवली होती. धनभारित किरण धातूच्या पत्र्यावर आदळले की त्या पत्र्यातूनच काही कण बाहेर उडतात आणि त्यांपैकी थोड्या कणांवर धनभार असतो. तिचे महत्त्व तेव्हा फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. नकाशाचे बीज मात्र त्या निरीक्षणात होते. कारण कण जेथून उडाला ती जागा निश्चित असते.

धातूपासून चंद्रापर्यंत

या बीजाला अंकुर फुटावयास चाळीस वर्षे लागली. १९४९ साली व्हिएन्ना येथे हेर्झोग आणि फीबक यांनी आयनांचा मारा करून पृष्ठभागावरून उडणारे दुय्यम आयन तोलण्याचे यंत्र बनविले. खऱ्या अर्थाने चित्र काढले ते फ्रान्समध्ये. रेमाँ कास्तँ आणि त्यांचे शिष्य जॉर्ज स्लोद्झियाँ यांनी १९६२ साली आयन सूक्ष्मदर्शकाचे वर्णन प्रसिद्ध केले. पृष्ठभागावरून उडालेले आयन त्यांनी भिंगासारख्या विद्युत्-रचनेतून अशा रीतीने नेले की ते ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पडद्यावर पोचावेत. वाटेत चुंबकाने हवे त्या वजनाचे तेवढे निवडावेत. मिश्रधातूच्या एकाच तुकड्याचे अॅल्युमिनियमच्या आयनांनी काढलेले चित्र वेगळे, मॅग्नेशियमच्या आयनांनी काढलेले वेगळे. कामेका या फ्रेंच कंपनीने १९६८ साली हे यंत्र बाजारात आणले. १९६९मध्ये अपोलो-११च्या यात्रिकांनी चंद्रावरील दगड आणल्यानंतर त्यांच्या खनिजकणांची तपासणी करण्यास याच घराण्यातील यंत्रे कामी आली.

दगड आणि धातू यांचे असे नकाशे निघू लागले, तरी सजीवांच्या दारात ही विद्या अडून राहिली. कारण साधे आहे. वेगवान आयनांचा मारा म्हणजे घणाचा घाव. अॅल्युमिनियमचा अणू घणाने उडाला तरी अॅल्युमिनियमच राहतो. पण हजारो अणूंनी गुंफलेले प्रथिन त्या घावाने चुरा होऊन जाते. काचेची बरणी फोडून तिच्या तुकड्यांवरून तिचा आकार ओळखावा, तसा तो प्रकार. प्रथिन अखंड उचलावे, त्यावर भार चढवावा आणि ते न मोडता तोलावे, ही युक्ती सापडत नव्हती.

क्योटोमधील ग्लिसरिन

ती युक्ती सापडली एकाच सुमारास दोन ठिकाणी, आणि त्या दोन्ही हकीकती ऐकण्यासारख्या आहेत.

जर्मनीत फ्रांकफुर्ट येथे फ्रान्झ हिलेनकाम्प आणि मिखाएल कारास हे लेसरचा झोत टाकून पदार्थ उडविण्याचे प्रयोग करीत होते. अॅलानिन हे अमिनो आम्ल एकटे असता विशिष्ट लेसरला दाद देईना. पण ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो आम्लात मिसळले असता तितक्याच झोताने सहज उडाले. लेसरची ऊर्जा ट्रिप्टोफॅन शोषून घेई आणि अॅलानिनला हळुवारपणे बरोबर घेऊन जाई. प्रकाश अंगावर झेलणारा हा जो सोबती, त्याला त्यांनी १९८५च्या निबंधात मॅट्रिक्स असे नाव दिले. याच मार्गाने जाऊन १९८८ साली त्यांनी दहा हजार डाल्टनहून अधिक वजनाची प्रथिने अखंड तोलून दाखविली.

दुसरी हकीकत क्योटो येथील शिमाद्झु कंपनीतील. कोइची तानाका हे तेथील तरुण अभियंते. शिक्षण विद्युत् अभियांत्रिकीचे, डॉक्टरेट नाही. कोबाल्टची अतिसूक्ष्म भुकटी वापरून ते प्रथिने उडविण्याच्या खटपटीत होते. १९८५च्या फेब्रुवारीत एके दिवशी त्या भुकटीत ठरलेल्या द्रवाऐवजी ग्लिसरिन पडले. भुकटी महागाची, टाकून देणे त्यांच्या जिवावर आले. ग्लिसरिन उडून जावे म्हणून लेसर चालूच ठेवून ते यंत्राकडे पाहत राहिले आणि जो संकेत कधी दिसला नव्हता तो दिसू लागला. १९८७ साली त्यांनी हे निष्कर्ष जपानमधील एका परिषदेत मांडले, १९८८ साली प्रसिद्ध केले आणि २००२ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले.

हिलेनकाम्प आणि कारास यांचे नाव त्या पारितोषिकात नव्हते. पुढे जगभर रूढ झालेली पद्धत त्यांच्या मार्गाची होती, आणि म्हणून या निवडीवर बरीच चर्चा झाली. मोठे प्रथिन लेसरने अखंड उडविल्याचे प्रथम दाखविले तानाका यांनी, हे नोबेल समितीने पाहिले. वाट रुळवून दिली जर्मन जोडीने, हे शास्त्रज्ञांनी पाहिले. दोन्ही खरे आहे. विहीर खणणारा एक आणि पाट काढणारा दुसरा, असे शेतीत नेहमीच घडते. पाणी प्यावयाचे तर दोघांचीही आठवण ठेवावी.

ठिपक्यांची रांगोळी

प्रथिन अखंड उचलता येऊ लागल्यावर पुढचे पाऊल अमेरिकेत पडले. ह्यूस्टन येथील रिचर्ड कॅप्रिओली आणि त्यांचे दोन सहकारी यांनी १९९७ साली दाखवून दिले की प्राण्याच्या ऊतकावर ठिपक्याठिपक्याने लेसर चालवून त्यातील पेप्टाइडे आणि प्रथिने यांचे नकाशे काढता येतात. जर्मनीत श्पेंगलर यांनी या दिशेने आधीच काही प्रयत्न केले होते. पण कॅप्रिओली यांच्या निबंधानंतर ही शाखा खऱ्या अर्थाने उभी राहिली. पुढे ते नॅशव्हिल येथील व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठात गेले आणि २००१ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूचे व मानवी मेंदूतील अर्बुदाचे प्रथिन-नकाशे प्रसिद्ध केले.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते? गोठविलेल्या ऊतकाचा, मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाइतका पातळ काप घेतात. तो वीजवाहक लेप दिलेल्या काचेवर ठेवतात. त्यावर मॅट्रिक्सच्या द्रावणाचा अगदी बारीक फवारा देतात. द्रावण वाळले की पृष्ठभागावर सूक्ष्म स्फटिकांची साय धरते. मग काच निर्वात पेटीत जाते आणि लेसरचा झोत एका कोपऱ्यापासून ओळीने ठिपके टाकीत जातो. प्रत्येक ठिपक्यातून उडालेले आयन एका नळीत सोडले जातात. सर्वांना सारखाच धक्का दिलेला असतो. हलके आधी पोचतात, जड मागून. या शर्यतीतील वेळेवरून वजन काढण्याची कल्पना अमेरिकेतील विल्यम स्टीफन्स यांनी १९४६ सालीच मांडली होती. येथे ती फार उपयोगी पडली.

आपल्या आयाबहिणी अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढतात, तिचेच हे रूप. शंभर ओळी आणि प्रत्येक ओळीत शंभर ठिपके, म्हणजे दहा हजार ठिपके. आणि प्रत्येक ठिपक्यापाशी शेकडो पदार्थांची स्वतंत्र यादी. मग संगणकाला सांगावयाचे की अमुक वजनाचा पदार्थ जेथे अधिक तेथे लाल रंग भर, जेथे कमी तेथे निळा. वजन बदलले की त्याच ठिपक्यांतून दुसरेच चित्र उमटते. थोडक्यात, दहा हजार खसरे एकावर एक न रचता जागच्या जागी मांडले की त्यांचाच नकाशा होतो.

यात एक मोठी सोय अशी की काय शोधावयाचे हे आधी ठाऊक असावे लागत नाही. पूर्वी औषध शरीरात कोठे जाते हे पाहण्यासाठी त्याच्या रेणूला किरणोत्सारी खूण चिकटवीत. ती खूण कोठे आहे ते दिसे. पण खुणेसोबत मूळ औषध उरले आहे की त्याचे अवशेष, हे कळत नसे. वजन मोजणाऱ्या यंत्राला औषध आणि त्याचे अवशेष ही दोन वेगळी माणसे दिसतात. २००६ साली संपूर्ण उंदराच्या कापांवर ओलान्झापिन या मनोविकारावरील औषधाचा आणि त्याच्या अवशेषांचा प्रवास असाच निरनिराळा दाखविला गेला.

फूल आणि चित्र

ही विद्या केवळ रुग्णालयापुरती राहिली नाही. दोन उदाहरणे पुरेत.

आपल्या दारची सदाफुली मूळची मादागास्करची. तिच्यापासून मिळणारी व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही औषधे रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर देतात. मद्रासच्या आय.आय.टी.मधील संशोधकांनी २०१३ साली सदाफुलीच्या पानाफुलांचे असे रेणू-नकाशे प्रसिद्ध केले. २०१६ साली जपानी शास्त्रज्ञांनी तिच्या खोडाचे नकाशे काढले, तेव्हा ज्या अल्कलॉइडांपासून पुढे ही औषधे बनतात त्यांचा साठा सर्वत्र सारखा पसरलेला नसून विशिष्ट प्रकारच्या मोजक्या पेशींत आणि चीकवाहिन्यांत असल्याचे दिसले. पान कुटून काढलेल्या यादीवरून हे कधीच कळले नसते. औषधाचे प्रमाण इतके अल्प का, हे समजण्यासही अशा माहितीचा उपयोग होतो.

दुसरे उदाहरण चित्रकलेचे. रेम्ब्रांट याने १६३२ साली काढलेले डॉक्टर तुल्प यांच्या शरीररचनेच्या धड्याचे चित्र हेग येथील माउरित्सहाउस संग्रहालयात आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस त्याची डागडुजी होत असता रंगाच्या थरांत बारीक फोड आढळले. जवस तेलातील मेदाम्ले आणि शिसेयुक्त रंग यांचा शतकानुशतके संयोग होऊन शिशाचा साबण बनतो आणि तो गोळा होऊन वर येतो, असे निष्पन्न झाले. अशा रंगथरांच्या अभ्यासात अॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी आयनांच्या नकाशांचा उपयोग केला; २००४ साली रोहियर व्हान डर वेडेन या त्याहूनही जुन्या चित्रकाराच्या रंगकपच्याचा नकाशा त्यांनी प्रसिद्ध केला. शिसे कोठे, मेदाम्ल कोठे आणि दोन्ही एकत्र कोठे, हे थराथरांत दिसले म्हणजे डागडुजी करणाऱ्याला फोड ही धूळ समजून खरवडण्याचे पाप टाळता येते.

शस्त्रक्रियागृहातील प्रश्न

निर्वात पेटी आणि मॅट्रिक्स यांची अट २००४ साली सैल झाली. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात ग्रॅहम कुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारित द्रावकाच्या तुषारांचा बारीक फवारा उघड्या हवेत वस्तूवर मारून तिच्यावरील रेणू उचलण्याची पद्धत शोधली. २००८ साली त्यांच्याच गटाने काचेवर उमटलेल्या बोटाच्या ठशाचा असा नकाशा काढला. त्यात रेषा तर दिसल्याच, शिवाय त्या बोटाने कोणता पदार्थ हाताळला होता हेही दिसले.

या पद्धतीचा सर्वांत गंभीर उपयोग मेंदूच्या शस्त्रक्रियेत झाला. मेंदूतील अर्बुद काढताना शल्यविशारदापुढे एकच प्रश्न असतो : कोठे थांबावयाचे? थोडे कमी कापले तर रोग उरतो. थोडे अधिक कापले तर रुग्णाची वाचा किंवा हातापायांची शक्ती जाते. मेंदूच्या काही अर्बुदांत एका जनुकातील बदलामुळे २-हायड्रॉक्सिग्लुटारेट नावाचा पदार्थ साठतो. निरोगी भागात तो जवळजवळ नसतो. २०१४ साली बॉस्टन येथील संशोधकांनी हा पदार्थ ऊतकाच्या तुकड्यांत काही मिनिटांत ओळखता येतो आणि त्याचे नकाशे अर्बुदाच्या हद्दीशी जुळतात, हे दाखविले. जमिनीच्या मोजणीत हद्दीचा दगड जे काम करतो, ते येथे एका रेणूने केले.

हिशेब बरोबर, कुटुंब बुडाले

आता क्षयरोगाकडे येऊ. आपल्या माळवा-बुंदेलखंडाकडे एक म्हण आहे : ‘हिसाब ज्यों का त्यों, कुनबा डूबा क्यों’. एका हिशेबी माणसाने नदीची ठिकठिकाणची खोली मोजली, सरासरी काढली, घरातील माणसांच्या उंचीशी ताडून पाहिली आणि सर्वांना पाण्यात उतरविले. काठावर येऊन पाहतो तो कुटुंब बुडालेले. त्याने पुन्हा हिशेब केला. तो बरोबरच होता.

रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ साली ओळखला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यावर चांगली औषधेही आली. तरीही नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा, अनेक औषधांचा राहिला आणि जगातील सुमारे पाव क्षयरुग्ण आजही भारतात आहेत. एवढा काळ का लागतो? फुप्फुसात जंतूंभोवती शरीर गाठ बांधते. गाठीच्या कडेला जिवंत पेशींची तटबंदी असते. गाभ्यात चिजासारखा मऊ, मृत पदार्थ असतो. तेथे रक्तवाहिनी नाही. त्या गाभ्यात जंतू सुस्त पडून राहतात आणि पुढे संधी मिळताच जागे होतात. औषध पुरेसे आहे की नाही हे मात्र डॉक्टर रक्तातील प्रमाणावरून, फार तर गाठीतील सरासरी प्रमाणावरून ठरवीत. नदीची सरासरी खोली ती हीच.

२०१५ साली व्हेरोनिक दार्त्वा यांच्या गटाने, शस्त्रक्रियेने फुप्फुसाचा काही भाग काढावा लागलेल्या क्षयरुग्णांच्या ऊतकांवर औषधांचे वस्तुमान-नकाशे काढून प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेपूर्वी त्या रुग्णांना ही औषधे दिलेली होती. नकाशांत दिसले ते असे. पायराझिनामाइड गाठीच्या गाभ्यापर्यंत सहज पोचते. रिफॅम्पिसिन सावकाश जाते, पण मात्रेमागून मात्रा गाभ्यात साठत जाते. मॉक्सिफ्लॉक्सॅसिन हे प्रभावी औषध तटबंदीच्या पेशींत भरपूर साठते, मात्र गाभ्यात फारच थोडे उतरते. सगळी गाठ कुटून मोजली असती तर त्याचे प्रमाण उत्तम भरले असते. हिशेब बरोबर आला असता.

याच्या आदल्याच वर्षी, २०१४ साली, नेहमीच्या औषधांपैकी एकाच्या जागी मॉक्सिफ्लॉक्सॅसिन देऊन उपचार चार महिन्यांवर आणण्याचा एक मोठा प्रयोग सहा महिन्यांच्या उपचाराची बरोबरी करू शकला नव्हता. त्याचे सर्व कारण एका नकाशात सापडते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पुढे २०२१ साली रिफॅम्पिसिनच्या कुळातील रिफापेंटिन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन यांचा समावेश असलेला चार महिन्यांचा उपचार सहा महिन्यांच्या तोडीचा ठरला, हेही सांगितले पाहिजे. तात्पर्य इतकेच की कोणत्या औषधाची कोणत्या औषधाशी जोडी घालावी, गाभ्याची जबाबदारी कोणावर आणि तटबंदीची कोणावर, हा विचार आता अंदाजावर सोडावा लागत नाही.

नकाशाही तपासावा लागतो

नकाशावर शिक्का आहे म्हणून तो खरा, असे मोजणी खात्यातील कोणीही जाणता माणूस म्हणणार नाही. या नकाशांचेही तसेच आहे. पहिली गोष्ट, त्यातील रंग निसर्गाचे नसतात. ते माणसाने निवडलेले असतात. दुसरी, एखाद्या ठिपक्यात संकेत मंद आला म्हणजे तेथे पदार्थ कमी असेलच असे नाही. शेजारच्या क्षारांमुळे किंवा मेदांमुळे त्यावर भार चढण्यात अडथळा आला असेल. तिसरी, एका वजनाचे पदार्थ अनेक असतात. ल्युसिन आणि आयसोल्युसिन ही दोन अमिनो आम्ले वजनाने तंतोतंत सारखी; गावात एकाच नावाचे दोन खातेदार असावेत, तसा घोळ होतो. चौथी, मॅट्रिक्सचा फवारा अधिक ओला झाला तर पदार्थ आपली जागा सोडून वाहतात आणि नकाशा खोटा पडतो. शिवाय ठिपका जितका बारीक तितकी त्यातून मिळणारी सामग्री थोडी आणि लागणारा वेळ अधिक.

यांपैकी तिसऱ्या अडचणीवर जर्मनीतील हायडेलबर्ग येथील संशोधकांनी २०१७ साली काढलेला उपाय मोठा मार्मिक आहे. नकाशांतील पदार्थ ओळखणाऱ्या संगणकीय पद्धतीला ते खऱ्या पदार्थांबरोबर असंभाव्य पदार्थांचीही यादी देतात. प्रत्यक्षात असूच शकणार नाहीत असे हे पदार्थ किती वेळा ‘सापडले’ ते मोजले की खऱ्या यादीतही किती ओळखी फसव्या असतील याचा अदमास येतो. साक्षीदार किती विश्वासार्ह आहे हे पाहण्यासाठी न घडलेल्या प्रसंगाविषयी प्रश्न विचारावा, त्यातलाच हा प्रकार.

शेवटची मर्यादा सर्वांत मोठी आहे. हे नकाशे जिवंत माणसाच्या आत डोकावून काढता येत नाहीत. काप घ्यावा लागतो. म्हणजे शरीराचा तो भाग आधी बाहेर यावा लागतो. ज्याच्या फुप्फुसाचा नकाशा निघाला त्याला त्या नकाशाचा बहुधा काहीच लाभ होत नाही. लाभ होतो तो पुढच्या रुग्णाला. क्षयाच्या त्या अभ्यासात ज्यांच्या फुप्फुसांचे तुकडे आले त्यांची नावे शास्त्रीय निबंधात नाहीत, आणि शिष्टाचाराप्रमाणे ती नसावीतही. थॉमसन, कास्तँ, तानाका, हिलेनकाम्प, कारास, कॅप्रिओली यांची नावे इतिहासात आली आहेत. या अनामिकांनी शस्त्रक्रियेपूर्वी औषधाच्या ठरलेल्या मात्रा घेतल्या आणि काढलेला तुकडा तपासणीसाठी देऊ केला. औषध गाभ्यापर्यंत पोचते की तटबंदीशीच अडते, हे त्या तुकड्यांवरून कळले. आज एखाद्या जिल्हा रुग्णालयाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या क्षयरुग्णाच्या गोळ्यांचा विचार करताना डॉक्टरांच्या हाताशी जो नकाशा आहे, तो त्यांच्या संमतीने निघालेला आहे.